डाव्या पायाखालचा ठोकळा

सातव्या वाडग्याच्या बुडाला भोक पडलं तेव्हा कातारी लेथ बंद करून म्हणाला, "काका, वाडगा छान झाला होता. मग तुम्ही तो सुधारलात."

काका म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. तेहतीस वर्षं त्यांनी छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्तीनंतर हात शिवशिवू लागले, म्हणून ते गल्लीच्या टोकाच्या काताऱ्याकडे लाकडी वाडगे करायला शिकत होते. कागदावरची चूक काढली तरी कागद तेवढाच राहतो, लाकडावरची काढली की लाकूडही जातं, हे मात्र त्यांच्या काही केल्या अंगवळणी पडेना. कड जरा जाड वाटली, लाव पटाशी. आता आतली बाजू जाड वाटतेय, लाव पुन्हा. असं करता करता शेवटी वाडग्यातून पलीकडचा कातारी दिसायचा.

"रविवारपर्यंत एक तरी धड झाला पाहिजे रे," ते काकुळतीने म्हणाले. "मेहुणा येतोय."

त्याचं असं झालं होतं. घरी बायको त्यांच्या वाडग्यांची यथेच्छ टिंगल करायची. शर्टाला चिकटलेला भुसा झटकत "आज कितवं भोक?" असं विचारायची. पण भावाला फोनवर तिने बिनदिक्कत सांगून टाकलं होतं, "अरे, यांचा हात काय बसलाय म्हणून सांगू! ये तर खरं, वाडगाच दाखवते." हे त्यांनी आतल्या खोलीतून ऐकलं. टिंगलीची त्यांना सवय होती. पण भावासमोर ती तोंडघशी पडली असती, तर ते त्यांना सोसवलं नसतं.

"हे लाकूड ओलसर आहे, चिरतं," कातारी म्हणाला. "घरात वीसपंचवीस वर्षं पडून असलेलं एखादं लाकूड नाही का?"

होतं की! झोपायच्या खोलीतली जमीन दाराच्या बाजूला उतरती होती, म्हणून तिथल्या भल्यामोठ्या लाकडी कपाटाच्या पुढच्या दोन पायांखाली लग्नापासून दोन ठोकळे होते. काळे, घट्ट, चार बोटं उंच. शनिवारी बायको बाजारात गेली तसा त्यांनी फळी अडकवून कपाट उचललं, डावा ठोकळा ओढला आणि त्याच्या जागी जाडजूड शब्दकोश सरकवला. शब्दकोशाने त्यांना जन्मभर आधार दिला होता, आणखी एक दिवस द्यायला त्याची काही हरकत नसावी असं त्यांनी गृहीत धरलं.

लेथवर ठोकळा फिरू लागला. वरचा काळेपणा उडाला आणि आतून मधासारखं लाकूड निघालं. काकांचा हात आज खरोखरच बसला होता. वाडगा गोल झाला, आतून गुळगुळीत झाला, कड सुरेख वळली. काका मान तिरकी करून बघू लागले, आणि काताऱ्याला ती मान ओळखीची होती.

"बूड जरासं जाड—" काका म्हणाले.

काताऱ्याने खटकन बटण बंद केलं. "राहू दे जाड. तुमच्या पाया पडतो काका, थांबा."

काका थांबले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा छातीशी धरून ते घरी आले, तेव्हा त्यांना उगाचच हसू फुटत होतं.

रविवारी सकाळी बायको नवी चादर काढायला गेली. "अहो, कपाटाचं दार का अडलंय?"

"दमट हवा," काका म्हणाले.

"दमट कुठेय? ओढा जरा."

काकांनी ओढलं. शब्दकोश दबून तिरपा झालाच होता, आता त्याची पानं सुटली आणि तो पुट्ठ्यातून बाहेर घसरला. कपाट सावकाश पुढे झुकलं. दोघांनी एकदमच खांदे लावले.

"इथला ठोकळा कुठे गेला?" बायकोने कपाटाच्या बुडाकडे बघत विचारलं.

"टेबलावर आहे."

तिने टेबलाकडे पाहिलं. तिथे वाडगा होता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"मी धरते. काहीतरी कडक घाला खाली, लवकर!"

चार बोटं उंच असं घरात दुसरं काहीच नव्हतं. काकांनी वाडगा उचलला, एकदा डोळे भरून पाहिला, फळीने कपाट वर केलं आणि वाडगा पालथा घालून पायाखाली सरकवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. करकरलं ते कपाट. वाडग्याने हूं की चूं केलं नाही. कपाटाचं दार आपोआप उघडलं.

मेहुणा चहा संपायच्या आतच म्हणाला, "भाऊजी, वाडगा कुठंय?"

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. बायको मात्र उठली. "चल दाखवते. वाकावं लागेल हं."

मेहुणा गुडघ्यांवर बसला. सोबत आलेल्या त्याच्या बायकोने तर चक्क पोटावर पडून पाहिलं. "अगंबाई, काय चकाकतोय!" ती तिथूनच म्हणाली.

"दुकानातून आणलाय हा, ताई," मेहुण्याने डोळा मारला.

"दुकानातला वाडगा कपाटाखाली कोण घालेल रे?" काकांच्या बायकोने विचारलं. तो पुन्हा वाकला. "एवढं कपाट पेलतोय! भाऊजी, मानलं तुम्हाला."

पाहुणे गेल्यावर काका फाटका शब्दकोश जुळवत बसले. आता आपली शाळा घेतली जाणार याची त्यांना खात्री होती. बायको खोलीत गेली. जरा वेळाने त्यांनी हळूच डोकावून पाहिलं. ती जमिनीवर बसून पदराने वाडगा पुसत होती. तीस वर्षांत तिथला ठोकळा तिने कधी झाडूनही काढला नव्हता.

"कसं दिसतंय ते," ती मागे न बघता म्हणाली. "एका कानात डूल आणि दुसरा बुचा."

"मग?"

"उद्या उजवा ठोकळा न्या. पण काढताना मला हाक मारा, मी कपाट धरते." मग वळून तिने बोट रोखलं. "आणि तो कातारी थांबा म्हणाला की थांबायचं."