आत कोनतरी हाय

आमच्या शेजारचे धर्मामामा जेवायला बसलेल्या जावयाकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मुळात चिपा तपासून तयार झालेली आहे. "काम तेवढंच नि खाणं जास्त, म्हंजे आत कोनतरी हाय," हे त्यांचं ब्रीद. जावई बिचारा तिसरी भाकरी मागत नाही.

मामा वडपे गावच्या गोदामात परदेशातून आलेल्या, यंत्रांत बसवायच्या चिपा तपासतात. चिप घडवतानाच कोणी आत चोर बसवलेला असू शकतो. तो मुकाट झोपून राहतो आणि नेमक्या वेळी उठून यंत्र बंद पाडतो. वरून काही दिसत नाही. म्हणून मामा खात्रीची चिप आणि नवी चिप शेजारी ठेवतात, दोघींना एकच काम देतात आणि जास्त वीज कोण खातं ते मीटरवर बघतात. याच न्यायाने त्यांनी आमच्या फ्रिजला आणि बिल्डिंगच्या वॉचमनला संशयित ठरवलं आहे.

मध्यंतरी हा संशय त्यांच्याच घरात शिरला. वत्सलामामींच्या कानातल्या ऐकायच्या यंत्राची बॅटरी भराभर संपू लागली. यंत्र मामांनी स्वतः पारखून आणलेलं. त्यांचा चेहराच उतरला.

"आतला चोर उठला नि हिला रस्त्यात हॉर्न ऐकू आला न्हाय तर?"

आमच्या रस्त्याला दिवसभर कंटेनर धावतात. मलाही धास्ती वाटली.

मामांनी गोदामातून तसलंच खात्रीचं यंत्र आणलं आणि दोन्ही ओट्यावर मांडली. मामी विचारत होत्या, "चोर घावला का?" उत्तर ऐकू येत नसल्याने पुन्हा तेच विचारत होत्या. काटा दोन्हीकडे सारखाच थांबला. चिप साफ होती. मी हुश्श केलं, पण मामांचं समाधान होईना.

"मंग खातंय कोन?"

यंत्र परत कानात गेल्यावर मामी म्हणाल्या, "रातचं पन चालूच ठेवते ना मी."

"झोपताना? कशाला?"

"मागं एका रातीला तुमच्या छातीत दुखलं, तुम्ही हाका मारल्या. मला एक पन ऐकू आली न्हाय."

मामांनी मीटर बंद केला. मग म्हणाले, "काम डबल व्हतं. मी निम्मंच धरलं."

आता ड्युटीवरून आले की ते दारातूनच, अगदी हळू, "वत्सला" म्हणतात. सांगायचं काहीच नसतं. आतून "आले" ऐकू आलं की मगच चपला काढतात. बॅटऱ्या अजून तशाच भराभर संपतात, आणि आणायला मामा स्वतः जातात.