दौलतनानांची मोकळी वाट

आमच्या शेजारच्या दौलतनानांकडे जायचं, तर चपलांसारखा मोबाईलही दारात काढावा लागतो. आत शिरल्या शिरल्या खुंटीला एक दुरडी टांगलेली आहे, तिच्यात तो टाकायचा. चपला भिंतीला चिकटून, एकीमागे एक. एखादी जरा तिरकी झाली की ओट्यावर बसलेले नाना काठीनं सरळ करतात आणि म्हणतात, "वाट मोकळी पायजे." काष्टीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठंही हा माणूस हेच म्हणणार. एकदा माझ्याकडे चहाला आले नि माझ्या पिठाचा डबा काठीनं कडेला सारायला लागले. मी म्हटलं, नाना, माझ्या घरात कसं चालायचं ते माझं मला बघू द्या.

तसा माणूस वाईट नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, ऊसवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण कधी कुणाला उलट बोलले नाहीत. रिटायर झाल्यावर मात्र डोक्यात घर रिकामं करायचं खूळ शिरलं. आधी सोफा गेला. मग शोकेस, टीपॉय, लग्नातलं लोखंडी कपाट. शेवटी टीव्ही उचलून सलूनवाल्याला देऊन टाकला. शांताकाकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, मालिकांचं केवढं वेड! स्वयंपाक लवकर उरकून त्या टीव्हीसमोर बसायच्या. मला तर नानांचा असा संताप आला होता! काकूंना म्हटलं, तुम्ही हे ऐकून कसं घेता? तर म्हणाल्या, जाऊ दे गं, डोक्याला ताप नुसता. आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघत हसल्या.

पुढं पुढं तर त्या रस्त्यात समोरून आल्या तरी ओळख देईनात. म्हटलं, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नानांनी कहर केला. बायका वाण लुटायला बाजारातून प्लास्टिकच्या वाट्या आणतात. नानांनी घरच्या मांडणीवरची भांडी काढली. मला पुरणयंत्र मिळालं, त्यावर काकूंच्या भावाचं नाव कोरलेलं. होळीला त्यात पुरण फिरवताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यात या घरचा आणखी एक जाच, उखाण्यात नाव घेतल्याशिवाय कुंकू नाही. नव्या नवरीचं मी समजू शकते, पण नातवंडं झालेल्या बायकांनाही सुटका नाही. कुणी गप्प बसली की ओट्यावरून आवाज आलाच, "मुक्यानं कुंकू न्हाई लावायचं."

त्यांचा एकुलता एक मुलगा महेश पुण्यात असतो. गावातून त्याच्या कानावर सगळं जात होतंच. दिवाळीला आला तेव्हा त्यानं ओट्यावर, चारचौघांत बजावलं. संक्रांतीला येईन तेव्हा घर असंच ओसाड दिसलं तर आईला पुण्याला घेऊन जाईन, मग तुम्ही बसा भिंती बघत. तो गेल्यावर नाना मला म्हणाले, "वैशाली, तिला नेलं तर कसं करायचं गं?" तोंडचं पाणी पळालं होतं. पण घरात एक पाट वाढेल तर शपथ. इतकी भीती वाटते तर दोन खुर्च्या आणून टाकायला या माणसाला काय होतं, मला कळेना. संक्रांत जवळ आली तशी माझ्याच जिवाला घोर लागला.

यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी नाना केळी आणायला बाजारात गेले होते. आम्ही बायका पुढच्या खोलीत भिंतीच्या कडेकडेनं बसलो होतो, काकू मागच्या खोलीत दार लावून साडी नेसत होत्या. तेवढ्यात महेश आला. बरोबर गाडीचा ड्रायव्हर. दोघांनी मिळून भलामोठा टीव्ही आणि काचेचं स्टँड आत आणलं. विजेचा प्लग मागच्या खोलीच्या दाराशी, म्हणून स्टँड नेमकं दारासमोर मांडलं. मग ओठांवर बोट ठेवून महेश हळूच म्हणाला, कुणी बोलू नका, आईला तिचं तिलाच बघू द्या. आम्हालाही मजा वाटली. तोंडाला पदर लावून बसलो.

दार उघडलं. तबक घेऊन काकू नेहमीच्या झपाट्यानं निघाल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. मान जरा वाकडी करून त्यांनी कानोसा घेतला.

"कुनीच आलं न्हाई व्हय अजून?"

खोली बायकांनी गच्च भरलेली. मी तर त्यांच्या नजरेसमोर. आधी वाटलं, काकू आमचीच फिरकी घेताहेत. मग त्यांचे डोळे नीट बघितले. ते कुणावरच थांबत नव्हते. त्यांनी पुढं पाय उचलला. काचेची कड त्यांच्या गुडघ्याशी आली होती आणि मी तोंडावरचा पदरही काढला नव्हता.

"शांते, तिथंच थांब."

दारात नाना उभे होते. केळी खाली टाकून, बायकांच्या मधून वाट काढत ते पुढं आले आणि त्यांनी काकूंचं कोपर धरलं.

"वाटेत काय हाय?" काकूंनी विचारलं.

"काय न्हाई. महेश आलाय."

महेश पांढराफटक पडला होता. नाना त्याच्याशी बोलले तेही अगदी खालच्या आवाजात. "डॉक्टर म्हनला, गेलेली नजर आता यायची न्हाई. हे घर तिला पाठ हाय रे. पुन्याला नेलीस तर तिला न्हानीचं दार सापडायचं न्हाई. आन् मोबाईलात मान घातलेला मानूस तिला दिसत न्हाई. बोलनारा दिसतो."

मला का नाही सांगितलं, असं महेशनं विचारलं, तेव्हा उत्तर काकूंनी दिलं.

"म्याच सांगू दिलं न्हाई. आंधळी म्हनून लोकं माझी कीव करत्याल. तर हे म्हनले, मग मला येडं म्हनू दे."

आणि आम्ही म्हटलंच होतं की. मी सगळ्यांत जास्त.

महेशनं ड्रायव्हरला हाक मारली नाही. टीव्ही, स्टँड, सगळं त्यानं एकट्यानं बाहेर नेलं. मग आत येऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, मी खिडकीखाली बसलोय. आता इथंच येत जाईन." काकूंनी मान हलवली. पण त्यानंतर कुणी काही बोलेना. आम्ही गप्प बसलो होतो तोवर त्या माउलीपुढं ती खोली रिकामीच होती. मला ते सहन होईना. मी मोठ्यानं सुरुवात केली.

"तिळाच्या केल्या वड्या, वेलची घातली छान, सुनीलरावांचं नाव घेते, काकू, मी दुरडीखाली बसलेय."

यमक कुठल्या कुठं गेलं. कुणी हसलं नाही. नाना बाजूला झाले. काकू सरळ चालत माझ्यापाशी आल्या, डाव्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरली आणि कपाळाच्या बरोबर मधोमध कुंकू लावलं.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "पुरण बारीक येतंय ना गं त्यातनं?"