मेट्रनबाईंची तिसरी हाक

आमच्या गल्लीच्या टोकाला मेट्रनबाई राहतात. त्यांचं दार वाजवलं की आतून "कोण आहे?" असं कोणी विचारत नाही. आतून प्रश्न येतो, "कोणत्या नावानं आलात?"

भरदुपारी हे ऐकून हसू येतं. पण थंडीतली दिवेलागण आहे, पुसदच्या टेकड्यांवरून अंधार खाली उतरतोय, कुठल्या तरी चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर गल्लीत कोंडलाय आणि बंद दाराआडून एक खर्जातला आवाज विचारतोय, "कोणत्या नावानं?" अशा वेळी भल्याभल्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. गॅसवाला नवीन होता तेव्हा चाचरत म्हणाला, "बाई, टाकी तुमच्याच नावानं हाय, मी फक्त आणून राह्यलो." एवढं बोलून टाकी पायरीवर ठेवून तो पसार झाला. आतून बाई म्हणाल्या, "खरं बोलला. माणूस भला आहे."

मी पहिल्यांदा गेलो तो नाटकाचं आमंत्रण घेऊन. दिवसा मी पाटबंधारे खात्यात कारकून असतो आणि संध्याकाळी राजा, यम किंवा मुंजा, जसं नाटक असेल तसा. आवाज असा की शेवटच्या रांगेमागचा शेंगदाणेवालाही दचकावा. तोच आवाज लावून मी म्हणालो, "राजाधिराजांच्या नावानं!"

दार उघडलं. माझ्याहून हातभर उंच बाई, पांढरं पातळ, कॅनव्हासचे बूट, हातात बॅटरी. ती त्यांनी माझ्या तोंडावर मारली.

"राजांचा राजा ही जागा भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं काही?"

तेव्हापासून मी त्यांचा 'नाटकवाले' झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. गॅसवाल्याला त्या 'सिलेंडर' म्हणत आणि माझी बायको वंदना शाळेत शिकवते म्हणून तिला 'मास्तरीण'. त्यांना स्वतःला सगळं गाव मेट्रन म्हणे. मागं मिशनचा दवाखाना होता, तिथं त्या मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख होत्या. दवाखाना बंद पडला, भिंतीतून पिंपळ उगवला, पण आवारातल्या खोलीत बाई राहिल्या आणि त्यांचं पदही राहिलं. भाजीवाली मेट्रनबाई म्हणते, चर्चमधले पाळकसाहेब मेट्रनबाई म्हणतात. गल्लीतल्या पोरांना तर ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटतं.

बाईंचं म्हणणं असं, की देवाच्या पदव्या शोभेसाठी नाहीत. एकेका पदवीची एकेक ड्यूटी आहे. वाट चुकली, माणूस हरवला, तर मेंढपाळ. घरात दोन घास कमी पडले तर जीवनाची भाकर. घरात भांडण शिरलं तर शांतीचा अधिपती. जगानं दाराबाहेर काढलं तर पाहणारा देव. हे शेवटचं नाव म्हणे एका पळून आलेल्या दासीनं रानातल्या झऱ्यापाशी ठेवलं. तिच्याकडं कोणीच बघत नव्हतं, म्हणून जो बघतो त्याला तिनं तेच नाव दिलं. "ज्याची ड्यूटी त्याला उठवा," हे बाईंचं पालुपद.

एकदा त्यांच्यासोबत मी नाताळच्या उपासनेला गेलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली ती सर्वसमर्थ, सनातन पिता, अल्फा, ओमेगा, यहूदाचा सिंह, देवाचा कोकरा अशी एका दमात. बाई शेजारून पुटपुटल्या, "सिंह आणि कोकरू एकाच अर्जात. अर्जावर सगळ्या साहेबांची नावं टाकली की तो कोणाच्याच टेबलावर जात नाही, नाटकवाले." मी पडलो सरकारी माणूस. हे धर्मशास्त्र मला तिथल्या तिथं पटलं.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. मी खोडसाळपणे विचारलं, आता जगाच्या प्रकाशाला उठवायचं का? "लाइनमनला उठवा," बाई म्हणाल्या. "ड्यूटी त्याची आहे."

मला वाटायचं, येशू हे नाव आणि ख्रिस्त हे आडनाव, जसे आपल्याकडचे कुळकर्णी. बाईंनी कपाळाला हात लावला. ख्रिस्त म्हणजे अभिषेक झालेला. तेही पदच, राजाचं. नाव फक्त येशू. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "नाझरेथच्या गल्लीत त्याची आई काही त्याला शांतीचा अधिपती म्हणून जेवायला बोलावत नसेल. पद कामाला, नाव घराला."

हे बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. बंद दाराकडं बघत होत्या. मला ते तेव्हा खटकलं नाही.

गल्लीत त्यांची खरी कीर्ती होती ती फेरीसाठी. दिवे लागले की बाई बॅटरी घेऊन त्या पडक्या वॉर्डात शिरत. आत गंजलेल्या लोखंडी खाटा अजून ओळीनं उभ्या होत्या. बाहेरून दिसायचं ते इतकंच, की एकेका खिडकीचे गज उजळतात आणि विझतात. आणि आवाज यायचा. "मेंढपाळ." बुटांची चाहूल. "वैद्य." पुन्हा चाहूल. "पुनरुत्थान." या शब्दानंतर बॅटरी थोडा वेळ बंद राहायची. मग पुढची खाट. त्या वेळी चिंचेवरची वटवाघळंसुद्धा गप्प असत, आणि गल्लीतल्या खिडक्या आपोआप लागत. वंदना म्हणायची, "ते बाई मेलेल्या लोकाइले कायतरी वाटून राह्यली. तुम्ही तिकडं कायले जाता?"

आता मी मुंजाची भूमिका केलेला माणूस. एवढं तयार नेपथ्य आणि प्रवेश घ्यायचा नाही म्हणजे काय? एका संध्याकाळी बाईंच्या आधी मी वॉर्डात घुसलो आणि शेवटच्या खाटेवर पांढरी चादर ओढून पडलो. बाई आल्या की हळूच उठून बसायचं, एवढाच बेत.

बाई आल्या. "मेंढपाळ." "भाकर." उजेड छतावरून सरकत जवळ येत होता. मग तो माझ्या चादरीवर थांबला. किंकाळी नाही, दचकणं नाही. चादर तोंडावरून बाजूला झाली, एक गार हात माझ्या कपाळावर टेकला, आणि अगदी रोजच्या आवाजात प्रश्न आला, "तुम्हाला काय होतंय?"

खरं सांगतो, मला बोलता येईना. त्या क्षणी मला खरोखर काहीतरी होत होतं आणि काय ते कळत नव्हतं. बाईंनी क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाल्या, "इम्मानुएल." आणि निघून गेल्या.

पाठोपाठ मी ओशाळून त्यांच्या खोलीत गेलो. त्या चहा ठेवत होत्या. विचारलं, ते इम्मानुएल कशासाठी? त्या म्हणाल्या, ज्याला काय होतंय ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही त्याच्यासाठी. आमच्यासोबत देव, एवढाच त्याचा अर्थ. ती पदवी दुसरं काही करत नाही, नुसती सोबत बसते. आणि मग चहा गाळता गाळता त्यांनी फेरीचं सांगितलं. रात्रपाळीला त्या एकट्या असत आणि वॉर्ड भरलेला. ड्यूटी संपताना एकेका खाटेपाशी उभं राहून ज्याला जशी गरज तसं त्याला देवाच्या एकेका नावाकडं सोपवायचं, ही त्यांची रीत. "दवाखाना बंद झाला तेव्हा कुलूप लावणारा आला," त्या म्हणाल्या. "चार्ज घेणारा कोणी आला नाही. मग मी कशी सोडू?"

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. वंदना हसली नाही. तिन्हीसांजेला मेलेल्यांच्या खाटेवर निजून आलो म्हणून तिनं आधी मीठमोहरी ओवाळली आणि मग बजावलं, "आता बाहेरून कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नका. तसल्याले तिसरी हाक मारता येत नाही. दोनच मारते. अन् पाय पाहून घ्या, उलटे असतात."

हा आमच्याकडचा जुना नियम आहे, तुमच्याही आजोळी असेल. दुसऱ्या संध्याकाळी मी तो चुटका म्हणून बाईंना सांगितला. वाटलं, हसतील, अंधश्रद्धा म्हणून झापतील.

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. "नक्की?" त्यांनी विचारलं. "दोनच मारतात?"

मग त्यांनी बायबलातल्या शमुवेलची गोष्ट सांगितली. देवळात निजलेला लहान मुलगा. त्याला नावानं हाक येते, तो म्हाताऱ्या याजकाकडं धावतो, म्हातारा म्हणतो मी नाही मारली, जा नीज. असं पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की हा देव बोलावतोय. "पण पहिल्या दोन हाका कोणाच्या होत्या?" बाई म्हणाल्या. "त्याच्याच होत्या ना? तुमच्या नियमानं त्या भुताच्या ठरल्या असत्या."

मी म्हटलं, बाई, हे आज कशावरून निघालं?

"मलाही येतात," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला. दाराबाहेरून. दोनच."

चहावर साय धरली होती. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "कोणत्या नावानं?"

"माझ्याच."

"म्हणजे मेट्रन?"

"मेट्रन म्हणून तर सगळं गाव बोलावते." त्यांचं दवाखान्यात घोटलेलं मराठी एकदम मागं गेलं आणि कुठून तरी फुलसावंगीकडची पोर बोलायला लागली. "नावानं बोलावते मले. ओ द्यावं का नाई, तेच समजत नाई. भलत्याले ओ गेली तर? अन् तोच असला आन् म्या दिलीच नाई तर?"

मग हळूहळू निघालं. लहानपणी आई शेताच्या बांधावरून त्यांना नावानं हाक मारायची. पुढं एक थोरली बहीण तेवढी उरली, बाभुळगावला. ती दर रविवारी फोन करून नावानं विचारायची, जेवलीस का? ती गेली. त्यानंतर ते नाव कोणाच्या तोंडून निघालंच नाही. आणि हाका सुरू झाल्या त्या त्यानंतर. येशूची शिष्या मरीया त्याच्या थडग्यापाशी रडत होती, बाई म्हणाल्या. समोर पुन्हा उठलेला प्रभू उभा, आणि तिला वाटलं हा माळी आहे. त्यानं नुसतं नावानं हाक मारली आणि तिनं ओळखला. मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात म्हणतात. "मी नाही ओळखत," बाई म्हणाल्या. "माझं नाव बाहेरून कसं ऐकू येतं तेच मी विसरली, नाटकवाले."

इतक्या वर्षांत मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. विचारलं. एखाद्या पेशंटचं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मंजुळा.

आणि एकदम त्यांनी बोट वर केलं.

"एक," त्या म्हणाल्या.

मला काही ऐकू आलं नाही. लांबून एसटीचा हॉर्न, मग तोही नाही.

"दोन."

रिकाम्या नाट्यगृहातली शांतता मला चांगली ठाऊक आहे. ही तशी नव्हती. ही कोणीतरी आत उभं असल्यासारखी शांतता होती. बाई दाराकडं बघत होत्या आणि त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. मी उठलो. दार उघडून बाहेर गेलो आणि ते मागं ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. पायरीवर कोणी नव्हतं. समोर चिंच, तिच्यापलीकडं वॉर्डाच्या काळ्या खिडक्या.

मी घसा साफ केला. "मंजुळाबाई."

आत काही हललं नाही.

"मंजुळाताई."

काही नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आतल्या बाईच्या हिशेबानं बाहेर कोणीतरी दोन हाका मारून थांबलेलं आहे, आणि तो मी आहे. तुम्ही हसाल, पण मी मोबाइलच्या उजेडात आधी स्वतःचे पाय पाहिले. सरळ होते.

मग चूक कळली. दोन्ही हाकांना मी शेपूट जोडलं होतं. बाई, ताई. तीही पदंच. माझी आई ओट्यावरून माझ्या बहिणीला जेवायला बोलवायची, तो स्वर मी आठवला. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज तिथं कामाचा नव्हता. घराच्या दारापर्यंत जाईल एवढाच हवा होता.

"मंजुळे."

"ओ," आतून आलं. पातळ, धापा टाकत, बांधावरून पळत येणाऱ्या पोरीचं असावं तसं. मग कडीपाशी पावलं थांबली आणि नेहमीचा प्रश्न आला, पण बदललेला. "कोणत्या नावानं आलास?"

"तुमच्याच."

दार उघडलं. बाईंनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली नाही. "तुझं नाव काय रे?" त्यांनी विचारलं.

"विनायक."

"आत ये, विनायक. चहा गार झाला."

आता मी रोज ऑफिसातून येताना पायरीवर थांबून एक हाक मारतो. वंदनानं आधी कपाळाला हात लावला. आता भाजी जास्त झाली की डबा भरून माझ्याकडं देते आणि म्हणते, मंजुळामावशीले द्या. फेरी चालू आहे, खिडक्या उजळतात आणि विझतात. त्या दोन हाका अजून येतात का, असं मी मध्यंतरी विचारलं. येतात, त्या म्हणाल्या. पण आता आवाजातला फरक कळतो, भीती नाही वाटत. "त्याची तिसरी आली की ओ देईन आणि वॉर्डाचा चार्जही त्यालाच देईन. तोवर तुझ्यावर भागवते."

परवा मला यायला जरा उशीर झाला. पायरी चढलो, हाक मारायला तोंड उघडलं, तर आतून आधीच आवाज आला. "थांब, विनायक. दोन झाल्या आहेत."

मी थांबलो. ती दाराच्या आत, मी दाराच्या बाहेर, दोघंही कान देऊन उभे. चिंच हलत नव्हती. बराच वेळ काही आलं नाही.

मग मी हाक मारली.