वाटी रिकामी असल्याबाबत

आमच्या नांदखेड तालुक्यात रेशन कुणाला द्यायचं आणि निराधाराचं अनुदान कुणाचं बंद करायचं, हे आता भांडी ठरवतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. सुनावणीला मी पहिल्या ओळीत बसलो होतो, त्यामुळे ऐकीव काही नाही. म्हणजे त्या दिवशी मी मेहुण्याच्या साखरपुड्याला जालन्यात होतो. पण सुनावणी मी पाहिली आहे, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

पूर्वी माणसं साक्ष द्यायची. घरधनी सांगायचा, घरात दाणा नाही. शेजारी सांगायचा, भरपूर आहे. आणि तलाठी दोघांच्या मधलं काहीतरी लिहायचा. पुढे नियम बदलला आणि पंखा असलेली घरं वगळायची ठरली, तर लोकांनी पंखे उतरवले. मग पक्कं छत असलेली घरं वगळायची ठरली. छत उतरवता येईना. म्हणून ज्यांना सरकारनंच घरकुल बांधून दिलं होतं, ती घरं सगळ्यात आधी वगळली गेली. शेवटी वरून परिपत्रक आलं की माणूस भुकेबद्दल खोटं बोलू शकतो, भांडं बोलू शकत नाही. सबब प्रत्येक लाभार्थी कुटुंबानं रोजच्या वापरातलं एक भांडं सुनावणीस हजर करावं, आणि भांड्याचा जबाब अंतिम मानावा.

भांडी बोलतात हे आम्हाला ठाऊक होतंच. त्यांना कुणी विचारत नव्हतं, इतकंच.

सुरुवातीला थोडा गोंधळ झाला. काही लोकांनी बाजारातून कोरी पातेली आणून उभी केली. त्या पातेल्यांनी कधी आचच पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या जबाबावरून आमचा तालुका उपासमारीनं केव्हाच संपायला हवा होता. लगेच नियम बदलला: भांड्याला निदान एक पोचा असावा आणि बूड काळं असावं. देशमुखांच्या वाड्यावरून त्यांचा जुना कुकर आला. त्यानं जबाब शिट्टीत दिला. शिट्टीचा अर्थ कुणालाच लावता येईना, त्यामुळे संशयाचा फायदा मिळून देशमुख पात्र ठरले.

सुनावणी घ्यायच्या नायब तहसीलदार सरोदे मॅडम. बाई कामाला चोख आणि स्वभावानं सरळ. टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर भांडं ठेवायचं, चमच्यानं कडेवर एकदा वाजवायचं, की शपथ झाली. भांड्यांना काय म्हणून हाक मारावी याबद्दल परिपत्रकात काहीच नव्हतं. तेव्हा मॅडम मोठ्या भांड्यांना अहो म्हणायच्या आणि वाट्या-पेल्यांना अगं-अरे.

खालच्या आळीत सोजरबाई वाघचौरे आणि हौसाबाई लोणारे राहतात. दोघी एकट्या, दोघींना म्हातारपण लागलेलं, दोन्ही घरांमध्ये एकच सामाईक भिंत. दोघींचं पोट महिन्याच्या गव्हा-तांदळावर आणि निराधाराच्या अनुदानावर. आणि दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद. कारण असं की फार मागे हौसाबाईंची शेळी सोजरबाईंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवरून चालत गेली होती. शेळी पुढे विकली गेली, बहुधा मेलीही. अबोला तेवढा राहिला.

गेल्या वर्षी संक्रांतीला हौसाबाईंच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी आपल्या स्टीलच्या वाटीत तिळगूळ घातला. तिळगूळ द्यायचा तर गोड बोलावं लागतं. म्हणून त्यांनी तो हातात न देता सोजरबाईंच्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघून आल्या. वाटीवर नाव घातलेलं आहे: 'चि. हौसा, मामाकडून'. सोजरबाईंनी ते बोटानं चाचपलं. तिळगूळ खाल्ला. आता वाटी परत करायची, आणि दुसऱ्याची वाटी रिकामी परत करणं सोजरबाईंच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. घरात एक गुळाचा खडा होता. तो घालून त्यांनी वाटी हौसाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवली.

तिथं हे संपायला हवं होतं. पण जिच्याशी बोलत नाही, तिचा गूळ ठेवून घेणं हौसाबाईंना मानवेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी तोच खडा त्याच वाटीतून परत पाठवला. सोजरबाईंपुढे पुन्हा वाटी परत करायचा प्रश्न आला, आणि घालायला पुन्हा तोच खडा होता. असं वर्षभर चाललं. वाटी सकाळी यायची, संध्याकाळी जायची, मधे एक शब्द नाही.

सुनावणीच्या दिवशी दोघी पुढेमागे चालत आल्या. सोजरबाईंच्या कडेवर जर्मनचं भगुणं, हौसाबाईंच्या कडेवर पातेलं. आधी भगुण्याला पुकारलं. त्याचा आवाज घोगरा होता आणि बोलणं घरचंच.

"तुमच्यात शेवटचं काय शिजलं?" मॅडमनी विचारलं.

"पाणी."

"पाण्यात काय घातलं होतं?"

"काई न्हाई. पाणीच."

"मग चुलीवर कशासाठी ठेवलं?"

"झाकण वाजावं म्हनून," ते म्हणालं.

मॅडमनी खुलासा मागितला. भगुण्यानं दिला. भिंत एकच असल्यानं पलीकडचं इकडं ऐकू येतं. महिन्याचं धान्य संपलं की शेवटचे काही दिवस चूल पेटवायचं कारण नसतं. पण संध्याकाळी पलीकडच्या घरात झाकण वाजतं. पलीकडं वाजलं की इकडंही वाजलं पाहिजे, असं म्हातारीचं म्हणणं. म्हणून पाणी.

सोजरबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं असेल, असं लोकांना वाटलं. मग त्यांचं पातेलं टॉवेलवर ठेवलं, चमचा वाजवला, तोच प्रश्न विचारला. पातेलं म्हणालं, माझ्यातही पाणीच होतं, आणि कारणही तेच.

इतक्या स्वच्छ साक्षी मॅडमना सबंध वर्षात मिळाल्या नव्हत्या. दोघी पात्र आहेत असं त्या म्हणणार, इतक्यात कारकुनानं त्या आठवड्यातच आलेली दुरुस्ती पुढे केली. नियम पुन्हा बदलला होता. एका घरातून दुसऱ्या घरात जाणारं भांडं हे फिरतं भांडं समजावं, आणि त्यातून आलेला जिन्नस प्रत्येक वेळी त्या घरची आवक धरावा. आळीतल्या भांड्यांची चौकशी झाली होतीच. वाटीचं नाव त्यात निघालं होतं. शिपाई जाऊन वाटी घेऊन आला.

वाटीनं सगळं सांगितलं. ती लपवणार काय? कारकुनानं बेरीज केली. वर्षभरात सोजरबाईंच्या घरी मणभर गूळ आला होता. हौसाबाईंच्या घरीही तितकाच.

"एवढा गूळ देशमुखांकडं तरी लागतो का?" मागून कुणीतरी म्हणालं. मॅडमनी त्याला गप्प बसवलं.

"बाई, खडा एकच हाय," वाटी म्हणाली.

"खडा एक असेल. पण येणं प्रत्येक वेळी नवं आहे." मॅडमनी दुरुस्ती पुन्हा वाचून पाहिली. तिच्यात खड्याबद्दल काही नव्हतं. "मला सांग, एवढ्या दिवसांत तो कुणी खाल्ला का नाही?"

"खाल्ला असता तर माझ्यात घालायला दुसरं काय होतं?"

कारकुनानं तेही लिहून घेतलं. मग मॅडमनी दोन्ही कुटुंबं अपात्र ठरवली. धान्य बंद, अनुदानही बंद.

मॅडम वाईट नव्हत्या हे मी पुन्हा सांगतो. त्यांनी रात्री घरी बसून दुरुस्ती शेवटपर्यंत वाचली, आणि अगदी तळाशी त्यांना एक सवलत सापडली. फिरतं भांडं अधिकाऱ्यासमक्ष एकदा जरी रिकामं परत गेलं, तर फेरा तुटला असं समजावं, मागची सगळी आवक शून्य धरावी, आणि दोन्ही घरांचा लाभ चालू करावा. त्यांनी दोघींना निरोप धाडला. गुरुवारी मी येते, तेव्हा वाटी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती रिकामी पलीकडे द्यायची. चार पावलांचं काम आहे.

गुरुवारी वाटी सोजरबाईंकडे होती. आळी सगळी जमली. मॅडम हौसाबाईंच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या, हातात चमचा. रेशन दुकानदार भिकाशेठही आला होता. हौसाबाई आपल्या दारात उभ्या.

सोजरबाईंनी खडा वाटीतून काढला आणि देवाच्या फळीवर ठेवला. वाटी पुसली. तळाला वर्षभराचा चिकट डाग पडला होता, तो निघेना. डाग आवक धरायचा का, असं कारकुनानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, डाग क्षम्य आहे. सोजरबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. वाटीत पाहिलं. परत आत गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या.

"मावशे, दे की ती वाटी," भिकाशेठ म्हणाला. "तुमचा गहू दुकानात येऊन पडलाय. उंदरं खायलेत. उंदरांना काई सुनावनी लागत न्हाई."

लोक हसले. सोजरबाई दारातच उभ्या. रिकामी वाटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, काही आत असल्यासारखी.

मग हौसाबाई बोलल्या. शेळीनंतर पहिल्यांदाच. "दे गं सोजर. रिकामी दे. मी काय कुनाला सांगनार हाय?"

"तू न्हाई सांगनार," सोजरबाई म्हणाल्या. "पर मला ठाव ऱ्हाईल."

"तुझं झाकन वाजतंय ते पान्याचं, हे बी मला ठावंच हाय की आता. काय झालं त्यानं?"

"तुझं बी ठाव हाय मला."

"मग दे."

"म्हनूनच देववत न्हाई गं," सोजरबाई म्हणाल्या. "तुझ्या घरात काई न्हाई हे ठाव असून रिकामी वाटी पाठवू?"

त्या आत गेल्या. सगळ्यांच्या देखत फळीवरचा खडा उचलला, वाटीत घातला, पदराखाली झाकून चार पावलं चालल्या आणि वाटी हौसाबाईंच्या हातात दिली. हौसाबाईंनी ती मॅडमपुढे धरली.

मॅडमनी वाटीकडे पाहिलं नाही. नियम पाहण्याचा नव्हता, विचारण्याचा होता. त्यांनी कडेवर चमचा वाजवला.

"वाटी, तू रिकामी आहेस का?"

वाटी गप्प राहिली. तिच्या कडेचा नाद विरेपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली, "रिकामी आहे."

आता मॅडमनी आत पाहिलं. खडा होता. कारकुनानं पाहिला, भिकाशेठनं पाहिला, आळीनं पाहिला. पण भांड्याचा जबाब अंतिम असतो, आणि माणसाच्या डोळ्यांना त्या नियमात जागा नाही. मॅडमनी लिहून घेतलं की वाटी समक्ष रिकामी आढळली, आणि त्याच दुपारी भिकाशेठनं दोन पोती स्वतः डोक्यावरून आणून दोन उंबऱ्यांवर टेकवली.

असं मी सगळ्यांना सांगतो. सुरुवातीला मी म्हणालो की शब्द न् शब्द खरा आहे, तर तसं नाही. एक जागा मी रचलेली आहे, आणि ती सांगितली पाहिजे. भांडी बोलतात, हे खरं. देशमुखांचा कुकर सुटला, हेही खरं. तो अजून महिन्याला गहू उचलतो. भगुणं आणि पातेलं जे बोलले त्यातला एक शब्द माझा नाही. पण वाटी 'रिकामी आहे' म्हणाली, ते मी घातलं. भांडं खोटं बोलत नाही. मॅडमनी विचारलं, आणि वाटी त्याच दमात म्हणाली, "गूळ हाय." मॅडमनी चमचा खाली ठेवला. मग तसं लिहून घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

गहू दुकानातच आहे. वाटी सकाळी येते, संध्याकाळी जाते. खडा झिजून सुपारीएवढा राहिलाय. दोघी आता बोलतात. पाणी एकाच भगुण्यात उकळतात. झाकण ठेवत नाहीत.