सुमतीचे पुढचे दात

शेडगे डॉक्टर नमस्काराआधी तुमच्या तोंडात बघतात. लग्न होऊन मी भोरला आले आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीत त्यांची गाठ पडली. मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला, म्हणाले, "सूनबाई, आ करा." नवी नवरी काय करणार? मी घाबरून आ केला. "अक्कलदाढ यायचीय अजून," एवढं सांगून गृहस्थ चालू पडले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस बाई. जन्मभर गुरांचे डॉक्टर होते. हात शिवशिवतात अजून."

वेल्हं, पानशेत, आंबवडे, सगळा डोंगर त्यांनी नोकरीत पालथा घातला. बैलाचा जबडा उघडायचा आणि वय सांगायचं. सगळे दुधाचे दात असले तर आदत, दोन पडून नवे आले तर दोनदाती, सगळे नवे आले की जुळलेला. विकणाऱ्यानं कितीही शपथा घेऊ देत, डॉक्टरांचं पालुपद एकच, "माणूस थापा मारतो, दात मारत नाही." मग ते रिटायर झाले, बैल संपले, आणि आम्ही तावडीत सापडलो. गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. नवऱ्या मुलानं पोह्यांचा घास घ्यायला तोंड उघडलं तोच डॉक्टरांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "मुलगा जुळलेला आहे. लवकर उरका."

माझ्या सासूबाईंचं वय त्यांनी पस्तीस सांगितलं होतं. बाईंची कवळी आहे. ही चूक त्यांनी आजतागायत कबूल केलेली नाही, कवळी हीच मुळात फसवणूक आहे म्हणतात. सासूबाई मात्र तेव्हापासून कुठल्याही भांडणात डॉक्टरांच्याच बाजूनं असतात.

हे सगळं चालवून घेतलं असतं आम्ही. पण त्यांना एका पुस्तकानं झपाटलं होतं. आमच्या वाचनालयात 'पेवातलं राज्य' नावाची लहान मुलांची जुनी कादंबरी आहे. चार भावंडं खेळता खेळता धान्याच्या रिकाम्या पेवात उतरतात आणि थेट राक्षसांच्या राज्यात निघतात, अशी गोष्ट. पहिल्याच पानावर 'प्रभाकर बारा वर्षांचा होता' एवढं सांगून लेखकानं हात झटकलेत. सुमती, वसंत आणि बेबी यांची वयं रामभरोसे. तालुक्यात लाळ्या-खुरकताची साथ आली तरी डॉक्टर कधी इतके बेचैन झाले नसतील.

मी त्या वाचनालयाची चिटणीस, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यामुळे रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळेला डॉक्टर माझ्यापुढं हजर. भांडण एकाच गोष्टीचं. सुमती वसंतापेक्षा मोठी, असं सगळं गाव समजतं. मुखपृष्ठावरही ती तशीच आहे, दोन वेण्या, हातात पळी, वसंतापेक्षा चांगली हातभर उंच. राक्षसांच्या राज्यात चौघांचा स्वयंपाक तीच करते, रागावते तीच, रात्री बेबीला थोपटते तीच.

"चित्रकारानं पुस्तक वाचलेलंच नाही," डॉक्टर म्हणायचे. "पेरू खाताना तिचा दात पडतो. तो छपरावर टाकायचा, तर तिथं छप्परच नाही, म्हणून ती रडते. पुढं ऊस मिळतो तेव्हा वसंत स्वतः दातानं सोलून तिला देतो. म्हणजे काय? वसंताचे पुढचे दात पक्के झालेत, हिचे अजून यायचेत. सुमती धाकटी."

"अहो, पण सगळ्यांच्या भाकऱ्या ती करते."

"मग? भाकऱ्या केल्या की दात येतात?"

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला याच गोष्टीचं नाटक बसवायचं ठरलं आणि मी आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. सुमतीसाठी अध्यक्षांची नात घेतली. आठवीतली, उंच, आवाज खणखणीत. डॉक्टर तालमीला येऊन तिला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "ही सुमती? ही प्रभाकराला कडेवर घेईल." मग रोज येऊन तेच. शेवटी माझा पारा चढला.

"डॉक्टर, तीन शिंगांचा राक्षस चालतो तुम्हाला, आणि सुमतीची उंची चालत नाही?"

"शिंगं लेखकानं लिहिलीत," ते म्हणाले. आणि मग या माणसानं, ज्यानं कधी कुठल्या साहेबापुढं मान तुकवली नाही, माझ्यापुढं हात जोडले. "पोरी, एवढं ऐक माझं. सुमती लहानच दिसली पाहिजे. नाटक बघायला आक्का येणार आहे."

आक्का म्हणजे त्यांची बहीण, उत्रोलीला दिलेली. पानशेतच्या वरच्या अंगाला वाडी होती त्यांची. आई लहानपणीच गेली, मागे राहिले वडील, म्हणजे आबा. आक्कानं चूल सांभाळली, भाकरी बांधून भावाला शाळेत धाडलं, स्वतः शाळेची पायरी चढली नाही. अजूनही घरचा तांदूळ घेऊन ती भोरला येते तेव्हा आमच्या डॉक्टरांचं वासरू होतं. "बाळू, सोटर घाल." "थंडी नाही गं." "मोठ्यांचं ऐकावं." की घातलाच. भाऊबीजेला ओवाळून झालं की हा पिकल्या केसांचा बाप्या तिच्या पायावर डोकं ठेवतो.

आता आक्काचा आणि सुमतीच्या उंचीचा काय संबंध, ते काही मला कळेना. पण ते जोडलेले हात बघवले नाहीत. मी सुमती बदलली. दुसरीतली मनू घेतली, पुढचे दोन्ही दात पडलेली. अध्यक्षांच्या नातीला राक्षस केलं. ती खूश झाली, अध्यक्ष अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

नाटकाच्या दिवशी मनू स्वतःएवढं पातेलं ओढत स्टेजवर आली, फतकल मारून भाकऱ्या थापायला बसली आणि बोळक्या तोंडानं प्रभाकरावर डाफरली, "गप बस, आधी जेव." सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेच्या कडेला बसलेले दोघं तेवढे हसले नाहीत. मी शेजारीच पडद्याआड संवाद सांगायला उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"आक्का, बघ. केवढीशी आहे."

"व्हय. आई गेली तवा माजं बी पुडचं दात असंच पडल्यालं."

"माझे आले होते तेव्हा," डॉक्टर म्हणाले. "कॉलेजात दात शिकलो तेव्हा लक्षात आलं माझ्या. तू धाकटी आहेस, आक्का. आबा म्हणाले आजपासून हिला आक्का म्हणायचं, मी म्हणत बसलो. आणि जन्मभर तुझ्याकडून करून घेतलं."

आक्का मनूकडेच बघत होती.

"तुला कालिजात गेल्यावं कळलं व्हय? मला कवापासनं ठावं हाय. तू लई रडत व्हतास रं, बाळू. दोगांतलं कुनीतरी मोटं व्हायाच पायजे व्हतं."

माझे डोळे भरून आले आणि संवाद सांगायचा राहिला. प्रभाकर आ वासून उभा. शेवटी राक्षसानंच त्याला पुढचं वाक्य सांगितलं आणि नाटक पार पडलं.

नंतर मागच्या बाजूला भेळ वाटायला सुरुवात झाली. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, डॉक्टरांची प्लेट आणायला, नेहमीसारखी. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस. मी आणतो."

"आरं, गर्दी किती हाय तितं. धक्का लागंल तुला."

"मोठ्यांचं ऐकावं," डॉक्टर म्हणाले.

आक्कानं एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग पदर सावरला आणि मुकाट खाली बसली.