नारळ धरणारा हात

पनवेलच्या इस्पितळात तपासणीच्या खुर्चीवर काशीराम बसला, तेव्हा त्याचा उजवा हात शहाण्या मुलासारखा मांडीवर निवांत पडला होता. पंचाईत झाली ती इथेच.

एरवी तो हात दिवसातून कितीदा तरी थरथरे. खाडीकाठच्या त्यांच्या कोळीवाड्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, काशीराम प्यायला लागला. पिणाऱ्यानं नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्याला द्यायचा नाही, ही तिथली रीत. वीस वर्षं हा मान काशीरामचा. यंदा तो हातून जाणार होता. म्हणून थरथर दारूची नाही, आजाराची आहे हे दाखवायला मान ठरवणाऱ्या गणू पाटलांनाच तो साक्षीला घेऊन आला होता.

डॉक्टर कीर्ती कंपवातात मेंदूकडून हालचाल कशी बिघडते, याचा अभ्यास करत होत्या. त्यांनी बजावलं होतं, "तपासणीच्या दिवशी कंपवाताची सकाळची गोळी घेऊ नका. थरथर दिसली तरच मला काही कळेल."

आता त्या म्हणाल्या, "हात तर स्थिर आहे."

"असनारच," पाटील म्हणाले. "काल दारू घेतली नसंल."

काशीरामनं हाताकडे विनवणीच्या नजरेनं पाहिलं. हात हलेना.

शेवटी त्याची बायको ठमाबाई कोपऱ्यातून पुटपुटली, "गोली मी दिली. आल्याच्या चायमदी घालून. पाटलांसमोर हात हलला तं लाज कोनाची?"

"अगो, हलवायलाच आनला व्हता त्याला," काशीराम म्हणाला.

गोळीचा अंमल उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. पाटलांनी घड्याळ पाहिलं. "हलतो तो हात. त्यात डोक्याचा काय संबंध?"

डॉक्टरांना असे प्रश्न आवडत. "बसून बघा. तुलनेला निरोगी माणूस मला हवाच आहे."

फिट येते का, डोक्यात काही धातू बसवलाय का, हे विचारून त्यांनी सही घेतली. मग आठाच्या आकड्यासारखं यंत्र पाटलांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला धरलं. टक. पाटलांचा उजवा अंगठा उडाला.

"मी नाय हलवला."

"नाहीच. अंगठ्याला हुकूम जिथून जातो, तिथे चुंबकानं टिचकी मारली. काशीरामकाकांचे हुकूम आजारामुळे वाटेत अडखळतात. ते कसे, तेच शोधतेय."

टक. अंगठा पुन्हा उडाला.

"पाटील," ठमाबाई शांतपणे म्हणाली, "सकालीच घेतली काय?"

पाटलांनी अंगठा मुठीत दाबून धरला. दुपारी काशीरामचा हात थरथरू लागला, तेव्हा त्याच्या चहाच्या कपाला त्यांनी खालून बोट लावलं.

नारळी पौर्णिमेला गोळी घेऊनही काशीरामच्या हातातला नारळ जरासा हलत होता. त्याच्या मागे उभे राहून पाटील ज्याला त्याला समजावत होते, "ते डोक्यातनं येतं. एक थेंब न पिता माजा अंगठा उडाला."

लोक माना डोलावत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता एकेक जण जवळ सरकून पाटलांच्या तोंडाचा हळूच वास घेत होता.