पडद्यामागे बसणारे आबा

आबांनी आयुष्यात एकही सिनेमा पुढून पाहिला नव्हता. तासगावला तंबूतला सिनेमा येई, तेव्हा पडदा मधोमध टांगलेला असे. पुढे बाकं आणि खुर्च्या, मागे नुसती जमीन आणि अर्धं तिकीट. पडदा पातळ कापडाचा, त्यामुळे चित्र मागूनही दिसे. फक्त आरशातल्यासारखं उलटं. नावंही उलटी येत, पण मागे बसणाऱ्यांत नावं वाचणार होतं कोण? आबांचा मात्र आठ एकर ऊस होता. तरी ते घोंगडी घेऊन मागेच जात. "पुडं काय, कुणीबी बसतंय," म्हणत.

मी त्यांच्या सोप्यात भाड्यानं राहणारा शाळामास्तर. वय चोवीस, म्हणजे जगातलं सगळं कळण्याचं वय. घरात आम्ही दोघंच. आबांची बायको केव्हाच वारलेली, आणि एकुलता एक श्रीपती पलटणीत. पोस्टमन गल्लीत शिरला, की आबा हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येत आणि तो पुढे गेला, की उगाच बैलावर ओरडत.

"डोळ्यानं बगितलं त्येवडंच बोलतो," हे त्यांचं पालुपद. एवढं बजावून ते जे सांगत, ते गावात दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नसे.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, पण सिनेमात खून भरपूर मिळत. त्या वर्षी एक रहस्यपट आला. जमीनदाराचा खून होतो. संशय पुतण्यावर, मुनीमावर आणि मुनीमाच्या मिशांवर. हेर भर उन्हाळ्यात लांब कोट घालून हिंडतो. नायिका प्रेताशेजारी बसून अख्खं गाणं म्हणते आणि घरातलं कुणीही तिला गप्प बस म्हणत नाही. शेवटी हेर सांगतो, वार डाव्या हाताचा आहे आणि घरात डावखुरा एकच, तो देवमाणूस डॉक्टर! तंबू हादरला. मुनीमावर पैज लावून बसलेला मी गार झालो.

दुसऱ्या दिवशी आबांनी पारावर निकाल फिरवला. "डॉक्टर निर्दोष हाय. आवं, पंगतीला समदी डाव्या हातानं जेवत हुती. पुतण्या डावरा, मुनीम डावरा, त्यो हेर सुदीक डावरा. उजव्या हाताचा येकटा डॉक्टर, आन त्यालाच बेड्या? ह्यो काय न्याय झाला?"

मागे बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांनीही तेच पाहिलं होतं. गावात पुढचे आणि मागचे असे दोन तट पडले. न्हावी मागच्यांतला, तो पुढच्यांची दाढी कोरडीच करू लागला. फुकट पासावर मागे बसलेल्या पोलीस शिपायानं तर पंचनामाच कच्चा ठरवला.

मी आबांना आरसा दाखवून समजावलं. "आरसा खोटं बोलंल, मी न्हाई," ते म्हणाले. मग मीही इरेला पेटलो. शनिवारच्या दिवेलागणीच्या खेळाला पदरमोड करून त्यांना पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. वर ज्ञानही पाजळलं, "डावखुरेपण ही खोडच वाईट, आबा. माझ्या वर्गात मी पट्टीनं महिन्याभरात काढून टाकतो."

आबांनी काखेतली घोंगडी मांडीवर ओढून घेतली.

पडद्यावर डॉक्टरनं डाव्या हातात लेखणी धरली. रहस्य एव्हाना अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. सगळा तंबू ओरडला, "डावऱ्या! धरा त्या डावऱ्याला!" मीही ओरडलो आणि विजयी मुद्रेनं शेजारी वळलो. खुर्ची रिकामी होती.

आबा पडद्यामागे, आपल्या नेहमीच्या जागी सापडले. पडद्यावर शेवटची लग्नाची पंगत बसली होती.

"आता तरी पटलं ना?" मी विचारलं.

"मला काय ठावं न्हाई व्हय, मास्तर? पयल्या दिवसापास्नं ठावं हाय." त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. "माजा श्रीपती डावरा. ताटावर बसला की मी पळी घिऊन शेजारी. डावा हात पुडं आला की हाणलीच. लय मारलं. येक दिस भरल्या ताटावरनं उटला, त्यो पलटणीत गेला. आट म्हैनं झालं, कागुद न्हाई."

पडद्यावर नवरदेव डाव्या हातानं जिलबी खात होता. त्याचा सासरा, मुनीम, झाडून सगळे डाव्या हातानं खात होते.

"हिकडनं बगितलं की समदी डाव्या हातानं जेवत्यात," आबा म्हणाले. "आन कुणीबी कुणाला मारत न्हाई."

माझी पट्टी मला आठवली आणि स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या घोंगडीवर टेकलो. थोड्या वेळानं आबांनी धोतराच्या सोग्यातल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्यापुढे धरल्या. सवयीनं उजवा हात पुढे गेला होता. तो मागे घेऊन मी डावा पसरला.

आबांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मूठभर शेंगा त्यात ओतल्या.

"खावा," ते म्हणाले, "सावकाश खावा."